राहिलेला दोरा

"घट्ट नको हो, सैलसर द्या. पानं मोकळी निघायला हवीत."

भाजीच्या दुकानात हे कानावर पडलं आणि मला हसूच फुटलं. कोबी घेताना सगळं जग गड्डा दाबदाबून बघतं, आणि हा कोण बाबा सैल मागणारा? वळून पाहिलं, तर समोरचा चष्मेवाला! माझ्या शिवणाच्या खोलीसमोरच त्याचं दुकान. मशीनवरून मान वर केली की तो दिसायचा... कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवताना, एक डोळा बारीक करून. पण बोलणं? छे. नुसतं बघणं.

"हसलात?" त्याने विचारलं.

"तुमच्या कोबीला."

"घट्ट गड्डा पान सोडत नाही. ओढायला गेलं की फाटतं." मग गड्डा पिशवीत टाकत — "काही माणसंही तशीच असतात."

"माझ्याकडे बघून म्हणालात?"

"मी सगळ्यांकडे बघूनच बोलतो, शिंपीणबाई. धंदाच तो आहे आमचा."

त्याची आई कोबीच्या पानात सारण भरून गुंडाळ्या करायची म्हणे. आई गेली, चव राहिली. त्याने कितीदा करून पाहिल्या, पण दरवेळी भांड्यात सगळ्या उघडायच्या आणि व्हायचा नुसता भाताचा लगदा.

"एकदा नीट जमल्या की दुकान गुंडाळायला मोकळा."

माझ्या हातातला टोमॅटो टोपलीत पडला. "गुंडाळायला...?"

"थोरली बहीण बोलावते तिच्या गावी. तिचंही चष्म्यांचंच दुकान आहे. म्हणते, एकट्याने तिथे कुणासाठी राहतोस? खरं सांगू, मला उत्तर सुचेना. म्हटलं, येतो. रविवारी निघतोय."

खरं तर कितीतरी दिवस मी देवापुढे एकच मागणं आळवत होते, तेही नाव न घेता. नाव कशाला सांगायचं? मी खिडकीतून कुणाकडे बघते ते देवाला दिसत नाही थोडंच! आता मात्र वाटलं, देवा, सांगायला हवं होतं रे.

तोंडातून निघालं ते भलतंच. "शनिवारी आमच्याकडे या. मावशी आहे घरी. मिळून करू. उघडलेलं मिटवणं हेच तर माझं रोजचं काम."

शनिवारी तो आला, हातात तोच सैलसर गड्डा. मावशी टेबलाशी कांदा चिरत बसली होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसा चष्मेवाले. रडायचं असेल तर माझ्या शेजारी बसा, कांद्यावर ढकलता येईल."

त्याने देठाचा कडक गाभा कोरून काढला आणि अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडला. कडेची पानं मऊ होऊन सुटू लागली, तसा तो भांड्यावर वाकला, आणि वाफेने त्याचा चष्मा पांढराफटक!

"आण इकडे," असं म्हणता म्हणता मी जीभ चावली. "आणा... पुसून देते."

चष्मा माझ्या हातात आला आणि त्याचे डोळे पहिल्यांदाच काचेशिवाय दिसले. किती थकलेले... किती आपले.

"दिसतंय का काही?"

"सगळं धूसर. तुम्ही तेवढ्या स्पष्ट."

"नजर तपासून घ्या."

"तपासणारा मीच. मला कोण तपासणार?"

"अगं पोरी," मावशी म्हणाली, "पाणी निम्मं आटलं. कोबी शिजतोय की तुम्ही?"

पानाची जाड शीर मी सुरीने तासून पातळ केली, म्हणजे पान वळतं, मोडत नाही. मध्ये अर्धवट शिजलेला भात, कांदा, किसलेलं गाजर, मिरपूड. तो आपला चमच्यावर चमचा भरतच होता.

"अहो, किती! मिटणार कसं?"

"काय करू..." तो हसला, पण आवाज हसला नाही. "भरून आलंय."

मी मान खाली घातली. सारण कमी केलं, दोन्ही बाजू आत दुमडल्या, गुंडाळी केली आणि माझ्या डब्यातला पांढरा सुती दोरा तिच्याभोवती फिरवून गाठ मारली. "आता नाही उघडायची."

"इतकं सोपं होतं?"

"बांधणारं माणूस हवं."

हे बोलून गेले आणि कानांच्या पाळ्या तापल्या. त्या सगळ्या गुंडाळ्या भांड्यात खेटून बसल्या. वर टोमॅटोचा रस, त्यावर ताटली, खाली मंद आच. झाकणाखालचं ते बारीक खदखदणं ऐकत आम्ही बसलो. माझ्या आतही तेच चाललं होतं, फक्त झाकण घट्ट होतं.

वाढायच्या आधी दोरे कापून काढायचे असतात. मी एकेक कातरला. एक मात्र... हात तिथे थांबला. ती गुंडाळी मी त्याच्या ताटात वाढली.

त्याने पहिला घास घेतला. "आईची चव," एवढंच म्हणाला. मग दुसऱ्या गुंडाळीला काटा लावला आणि थबकला.

"हिचा दोरा राहिलाय."

"शिंपिणीच्या घरी राहायचाच," मावशी म्हणाली.

मी ताटाकडे बघत होते. आता नाही तर कधीच नाही, देवा.

"राहिला नाही," मी म्हणाले. "ठेवलाय." आणि मग, अगदी हळू... "तुम्हीही राहा ना."

मावशी उठली. "मीठ बघते," म्हणाली. मीठ टेबलावरच होतं.

त्याने दोरा अलगद सोडवला, बोटाला गुंडाळला, उरलेलं निगुतीने संपवलं, मावशीला नमस्कार केला आणि निघून गेला. दारात एकदा वळला... बस, तेवढंच. मला वाटलं, गेला. सगळं बोलून बसले आणि गेला.

रविवारी सकाळी देवापुढे बसले, पण हात जुळेनात. खिडकी उघडायचीही हिंमत नव्हती. शेवटी मावशीनेच पडदा सारला. "ये जरा. तुझ्या चष्मेवाल्याला काहीतरी जमत नाहीये."

समोर दुकानाच्या पायरीवर तो उकिडवा बसला होता. पुढ्यात दुकानाची पाटी, गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळलेली. तो नखांनी गाठीशी झटत होता. बोटाला पांढरा दोरा तसाच.

मी रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही.

"बहिणीला फोन केला," वर न बघताच तो म्हणाला. "म्हटलं, कुणासाठी राहतोस ते विचारत होतीस ना... उत्तर सापडलंय. हसली. म्हणाली, भेटवायला आण." मग वर बघितलं. "पण ही गाठ फार घट्ट मारली मी. कातर आहे?"

"कातर कशाला," मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. "सरका जरा. मी सोडवते."

आणि मी हळूहळू सोडवली. मुद्दामच हळू.