पेट्यांवर वाजलेली किल्ली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय.

ज्याच्यावर बेतलं तो अमॉस, माझा मामा, आईचा मावसभाऊ. उभ्या जन्मात त्यानं कधी थाप मारली नाही. एकदाच मारली... आणि ती मधमाश्यांना.

१९७४चा ऑगस्ट. यॉर्कशरमधलं आमचं गाव आणि त्याच्या वरचा माळ.

माळावर हेदरची झुडपं फुलली होती. जिकडं बघाल तिकडं जांभळं. हा बहर फार टिकत नाही, म्हणून आम्ही बागेतल्या मधपेट्या उचलून वर नेतो. सांज झाली, माश्या घरी परतल्या, की पेट्यांच्या दारांना जाळी ठोकायची आणि उजाडता उजाडता गाडीत चढवायच्या.

त्या संध्याकाळी अमॉस जाळ्या ठोकत होता. वरच्या खिडकीपाशी त्याची थोरली बहीण हेस्टर अंथरुणाला खिळलेली. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला.

"अमॉस, जरा वर ये रे."

"आलोच गं! एवढ्या पेट्या होऊ देत."

"तुझं आलोच मला ठाऊक आहे," ती हसली. मग खोकली.

तो सगळं आटोपून वर गेला, तेव्हा...

हेस्टर गेली होती.

आमच्याकडे रीत आहे. घरात कुणी गेलं की घराची किल्ली घ्यायची, प्रत्येक पेटीवर तीनदा वाजवायची आणि माश्यांना नाव घेऊन सांगायचं. त्याही घरच्याच ना! नाही सांगितलं, तर त्या नातं तोडतात.

अमॉसनं किल्ली वाजवली. पण शब्द फुटेना. नाव घ्यायचं, तर तिची हाक कानात घुमत होती. शेवटी तो पुटपुटला, "हेस्टर झोपलीय."

आणि पहाटे पेट्या माळावर नेऊन जाळ्या काढल्यासुद्धा.

तो परतला तेव्हा शेजारची ॲग्नेस दारातच उभी होती. "बहीण गेली तरी मध चुकायला नको, होय रे? माश्यांना सांगितलंस तरी का?"

"किल्ली वाजवली," अमॉस म्हणाला. मान वर न करता.

हेस्टरला मूठमाती दिली त्या दुपारी तो एकटाच माळावर गेला. घराला कुलूप लावून किल्ली त्यानं खिशात टाकली होती.

लख्ख ऊन. हेदर नुसतं घमघमत होतं.

पण फुलांवर एकही माशी नव्हती...

त्यानं एका पेटीचं झाकण उचललं. माश्या आतच होत्या. जिवंत. पण हलत नव्हत्या, गुणगुणत नव्हत्या. काहीतरी कान देऊन ऐकत असाव्यात, तशा.

आणि मग...

टक. टक. टक.

रांगेतली पहिली पेटी. तिथं कुणीच नव्हतं.

टक. टक. टक.

दुसरी.

अमॉसनं खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

कुणीतरी खोकलं. तो खोकला त्यानं वर्षभर रात्रंदिवस ऐकला होता. तो मटकन खाली बसला.

"चुकलं गं माझं! तू हाक मारलीस, मी आलो नाही. हेस्टर, चुकलं!"

आवाज थांबला नाही. पेटीपेटीवरून पुढं येत त्याच्या शेजारच्या शेवटच्या पेटीवर वाजला.

मग अगदी शांतपणे, हेस्टरच्या आवाजात...

"बायांनो, आपल्या घरातला अमॉस गेला."

सगळ्या पेट्या एकदम घुमायला लागल्या. मयताच्या घरी बायका रडतात ना, तशा.

किल्ली शेवटच्या पेटीच्या झाकणावर होती.

अमॉस पुढं पुष्कळ जगला. मधही भरपूर यायचा. पण त्याच्या अंगावर पुन्हा कधी माशी बसली नाही. एकही डंख नाही. उघडा हात पेटीत घातला तरी त्या वळसा घालून जायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोज संध्याकाळी तो पेट्यांपाशी जायचा, किल्ली वाजवायचा. "बायांनो, मी आहे गं अजून... मी अमॉस."

आणि गुणगुण बंद व्हायची. तो लांब जाईपर्यंत.

तो खरोखर गेला, तेव्हा किल्ली घेऊन मीच गेलो. "अमॉस गेला," म्हणालो. माश्यांनी काम थांबवलंसुद्धा नाही.

आता पेट्या माझ्याकडे आहेत. जाळी ठोकताना घरातून कुणी हाक मारली, की हातोडी तिथंच टाकून मी आत पळतो.

कधी कधी घरात कुणीच नसतं...