बूथबाहेर उभा असलेला माणूस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भर उन्हात, स्वतःच्याच दुकानाकडे पाठ करून उभा होता.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी. पाथर्डीला जाणारी आमची एसटी तिसगावात पंक्चर झाली. पुण्याला माझ्या गाईड सरांना फोन करावा म्हणून मी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ गाठला.

"फोन लागतो का?"

"लागतो. पण थांबावं लागेल. आत एक बाई बोलतायत."

"मग तुम्ही बाहेर का?"

तो ओशाळला. "काचेचं दार नीट बसत नाही. दुकानात बसलं की सगळं ऐकू येतं. म्हणून..."

"असे रोज उन्हात उभे राहता?"

"बाजाराच्या दिवशी जास्त." मग हळूच म्हणाला, "रंग मूळचा असा नाही माझा."

मला हसू आवरेना. हसताहसता मी बॅगेतून वही काढली. कारण मी, यशोधरा, श्रीरामपूरच्या साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी, पुण्यात याच विषयावर पीएच.डी. करत होते. गावाकडच्या माणसाला फोन आणि उद्या येणारं इंटरनेट कितपत मिळतं, आणि मिळालं तरी त्यावर मनातलं बोलता येतं का? दोन वर्षं मी जाडजूड पुस्तकांत खासगीपणाची व्याख्या शोधत होते. ती इथं, डोक्यावर रुमाल टाकून, उन्हात उभी होती.

त्याचं नाव भीमराज. बी.कॉम. झालेला. आमच्यासारखंच बौद्ध घर. गावातला एकुलता एक बूथ बौद्धवाड्यातल्या पोरानं चालवावा आणि सगळ्या गावानं तिथं येऊन निर्धास्त बोलावं, याचा त्याला अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे. पण यायचं लक्षात.

मग मी महिन्यातून दोनदा तिसगावला जाऊ लागले. कामासाठी... असं मी स्वतःला सांगायची. मला त्याचं रजिस्टर हवं होतं. त्यानं ते दिलं, पण नंबरांच्या रकान्यावर पुठ्ठ्याची पट्टी धरून.

"गाव बघा, मिनिटं बघा. नंबर लोकांचे आहेत."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे." त्याचे कान लाल झाले. "पण नंबर माझे नाहीत ना द्यायला, मॅडम."

"मॅडम नका म्हणू."

"मग...?"

"यशोधरा."

तो पट्टीकडे बघत राहिला. पट्टी मात्र तसूभर हलली नाही.

एकदा मी त्याला इंटरनेटबद्दल सांगितलं. पुण्यातल्या कॉम्प्युटरवरून पत्र लिहिलं की फोनच्या तारेतून घटकाभरात अमेरिकेत पोचतं. त्यानं विचारलं, "आणि मधे कोण वाचतं?"

दोन वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. "हे प्रबंधात घालू?"

"घाला. नाव नका घालू."

"आणि मला वाटलं तुम्हाला प्रसिद्ध व्हायला आवडेल!"

"तुम्ही एकट्यांनी वाचलं तरी पुष्कळ," तो म्हणाला आणि घाईघाईनं बाहेर जाऊन उभा राहिला. आत गिऱ्हाईक नव्हतंच कुणी!

परतीच्या एसटीत मी पाथर्डी रोडची बाभळीची झाडं बघत होते आणि काहीच दिसत नव्हतं.

तो बाहेर गेला की मी दुकानातल्या बाकावर बसून टिपणं काढायची. दर बाजाराला एक तरुण सून यायची, रुपाली. गावातल्या वजनदार आप्पासाहेबांच्या घरातली. माहेर खर्ड्याचं. ती बहिणीला फोन करायची आणि लाईन खराब म्हणून मोठ्यानं बोलायची. सासरी न सांगता ती बाहेरून बी.ए.ची परीक्षा देत होती. फॉर्म बहीण भरायची, पुस्तकंही तीच गुपचूप पाठवायची. मला गहिवरून आलं. एका फोननं एका बाईचं शिक्षण चालू राहतं, यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं?

ऑगस्टमध्ये नगरच्या परिसंवादात मी निबंध वाचला. 'तिसगावची एक सून, माहेर खर्डा, दर बाजाराला...' नाव लिहिलं नव्हतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात ते चौकटीत छापून आलं.

कात्रण घेऊन मी आनंदानं तिसगावला गेले. बाजार भरलेला होता. बूथ रिकामा होता. भीमराज आत खुर्चीत बसला होता.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं." आवाजात काही नव्हतं. "खर्ड्याची सून गावात एकच हाय."

मी कात्रण पिशवीत परत ठेवलं.

"तिचं बाहेर येणं बंद झालं. पुस्तकं काढून घेतली म्हणतात. लोक म्हणतात, भीमराज ऐकतो आणि शहरातल्या बाईला सांगतो. आता पाथर्डीला जातात फोन करायला."

"मी नाव नव्हतं..."

"मी तिच्याकडं पाठ करून उभा राहायचो," तो हळू म्हणाला. "तुम्ही तोंड करून बसलात."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पुण्यात आल्यावर दर रविवारी मी हॉस्टेलजवळच्या बूथवरून त्याच्या बूथचा नंबर फिरवायची. "हॅलो, तिसगाव..." एवढं ऐकू यायचं. मी ठेवून द्यायची. त्या दोन शब्दांवर आठवडा जायचा. कधी आवाज बसलेला वाटायचा, कधी मागे एखाद्या गिऱ्हाइकाची चाहूल लागायची आणि मला उगीच बरं वाटायचं. एकदा तो हॅलो म्हणून गप्पच राहिला. मीही. कितीतरी वेळ तारेतून नुसती खरखर येत होती... शेवटी मीच ठेवला.

मी तिसगावचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. सर चिडले, सगळ्यात चांगलं प्रकरण तेच होतं, काम सहा महिने मागे पडलं. पडू दे म्हटलं. पण कागदावरून काढलेलं गावातून थोडंच निघतं? नोव्हेंबरमध्ये, बाजाराच्याच दिवशी, मी सरळ आप्पासाहेबांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. चार माणसं बसलेली होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

"पेपरात आलं ते मी लिहिलं. बूथवाल्यानं मला एक शब्द सांगितला नाही. मीच चोरून ऐकलं. चूक माझी आहे."

रुपालीची सासू, छबूबाई, पदर सावरत पुढे आली.

"ती शिकती म्हनून राग न्हाई आला मला, बाई. मला वाचता येत न्हाई. माझ्या घरातली गोष्ट मला शेजारनीनं पेपरातून वाचून दावली. चार बाया हसत हुत्या."

माझे डोळे भरून आले. मी वाकून तिच्या पाया पडले. तिनं मला उठवलं नाही. पण मागेही सरली नाही. दारात रुपाली उभी होती.

"परीक्षा कधी हाय गं तुझी?" छबूबाईनं मान न वळवता विचारलं.

"एप्रिलमधी, आत्या."

"जाईल ती परीक्षेला," छबूबाई मला म्हणाली. "पन तुमच्या कागदावर न्हाई यायची पुन्यांदा."

मी बूथवर न जाता स्टँडकडे निघाले. कुठल्या तोंडानं जाणार होते? पण बाजारात बातमी माणसाच्या आधी पोचते. लिंबाखाली एसटीची वाट बघत होते, तर भीमराज धापा टाकत आला.

"न भेटताच निघालात?"

"तुम्हाला भेटायचं नसेल असं वाटलं..."

"रविवारी फोन तुम्हीच करायचात ना?"

मी मान खाली घातली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. गिऱ्हाईक लगेच बोलतं. श्वास रोखून फक्त तुम्हीच." त्यानं रुमालानं घाम पुसला. "रविवारी मी जेवायलाही घरी जात नव्हतो. फोन येईल तेव्हा दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"रागावलो होतो. आणि राग गेल्यावर... काय बोलायचं तेच सुचेना. आवडता तुम्ही मला. हे कसं बोलायचं फोनवर?"

समोर मेथीच्या जुड्या विकणारी भागूबाई उघड उघड आमच्याकडे बघत होती. बघू दे.

"मलाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुढे वाकावं लागलं. मग मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

एसटी आली. कंडक्टर घाई करू लागला. मी खिडकीपाशी बसले.

"आईला आजच सांगतो," तो खालून म्हणाला. "तुम्ही तुमच्या वडलांना सांगा. ते काय म्हणतात ते पत्रानं कळवा. फोनवर नको."

"का?"

"समोर गिऱ्हाईक असतं. नीट लाजता येत नाही."

गाडी हलली. त्यानं माझं नाव हाक मारल्यासारखं घेतलं. इंजिनाच्या आवाजात ते अर्धंच ऐकू आलं.

वडलांनी सतरा दिवस घेतले. मुलगा नोकरीवाला नाही, गाव लांब, शिक्षण अर्ध्यावर राहील... अठराव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "एवढ्या उन्हात जो माणूस परक्या बाईसाठी उभा राहतो, तो घरच्या बाईला बोलू देईल. बोलाव त्याला. प्रबंध मात्र पुरा करायचा."

मी पत्र लिहायला बसले. पहिल्यांदा चार पानं लिहिली, फाडली. मग एक पान, तेही फाडलं. शेवटी आंतर्देशीयावर एकच शब्द लिहिला, आणि त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली.

ये.