उसने डोळे

पूर्वेच्या डोंगररांगेवर सूर्याची कड उगवली आणि तिवरगडाच्या काळ्या कातळावरून, बालेकिल्ल्याच्या तटावरून, माचीवरच्या पागेवरून ऊन हळूहळू खाली उतरू लागले. परंतु दक्षिण बुरुजातल्या खोलीत चौरंगापुढे बसलेल्या नरसू चिताऱ्याने त्या उन्हाकडे मान वर करूनही पाहिले नाही. त्याच्यापुढची तसबीर पुरी होत आली होती. मंदिल, मोत्यांचा तुरा, एकोणीस वर्षांची कोवळी मिशी, हनुवटीवरचा तीळ, सारे जागच्या जागी होते. डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या.

डोळे शेवटी लिहायचे, भर उजेडात लिहायचे, आणि ज्याचे लिहायचे तो समोर बसल्याखेरीज लिहायचेच नाहीत, असा नरसूच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा नेम होता आणि तो साऱ्या मुलखाला ठाऊक होता.

तसबीर होती तिवरगडच्या जहागिरीचे खरे धनी हैबतराव यांची. वडिलांच्या पश्चात गादीची वस्त्रे घेण्यासाठी त्यांनी हुजुरांपुढे जातीने हजर व्हायचे होते. परंतु त्यांचे चुलते सुभानजीराव यांनी लिहून कळवले, की चिरंजीव तापाने क्षीण झाले आहेत, सबब वस्त्रे आणि मुखत्यारी आमच्या नावे व्हावी. राजधानीत सरलष्करांच्या घरी दिलेल्या हैबतरावांच्या थोरल्या बहिणीला, सगुणाबाईंना, हा ताप काही पटला नाही. त्यांनी हुजुरांपुढे पदर पसरला. "माझ्या भावाची तसबीर नरसू चिताऱ्याच्या हातून लिहून यावी. तसबिरीत त्याचे डोळे पाहिले, की मी मुखत्यारीला हरकत घेणार नाही."

ताप वगैरे काही नव्हता. सुभानजीरावांनी सख्ख्या पुतण्याच्या डोळ्यांत तापली सळई फिरवली होती, कारण आंधळ्याला गादी मिळत नाही. जीव तेवढा ठेवला होता, तोही तसबिरीसाठी चेहरा हवा म्हणून. वस्त्रे एकदा गडावर आली, की त्या पोराचे काम संपणार होते. दक्षिण बुरुजाखाली दीडशे पुरुष खोल कडा होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या हैबतरावांना आणून समोर बसवले, तेव्हाच नरसूला सारे उमगले होते.

दारातले पहारेकरी बाजूला झाले. सुभानजीराव आत आले आणि त्यांच्या मागून गडाचे वृद्ध फडणीस भिकाजीपंत.

"नरसू, जासूद खाली खोळंबला आहे. डोळे कुठे आहेत?"

"डोळे समोर नाहीत, सरकार."

"मग आठवणीने लिही. पोराला पाळण्यापासून पाहिले आहेस."

"आठवणीचे डोळे मेलेले उतरतात, सरकार. आणि मला ते धड आठवतही नाहीत. आक्कासाहेबांनी भावाला कडेवर खेळवलंय. मेलेले डोळे त्या लगेच ओळखतील."

सुभानजीराव येरझारा घालू लागले. गादी हातातोंडाशी आलेली, आणि एका चिताऱ्याच्या नेमापायी अडून बसलेली! मग ते एकाएकी थांबले, हसले आणि नरसूसमोरच्या बैठकीवर मांडी ठोकून बसले.

"आमचे घे. रक्त एकच आहे."



नरसूने खारीच्या केसांचा कुंचला उचलला. त्याला सुटायचे असते तर वाट मोकळी होती. पापणी थोडी जड करायची, बुबुळाला किंचित ओलावा द्यायचा, नजर जराशी लाजरी करायची. असे गोड डोळे त्याने सरदारांच्या कितीतरी लेकरांना दिले होते. आज त्याने तसे काही केले नाही. समोर जे होते ते त्याने जसेच्या तसे उतरवले: खालच्या पापणीची ती वर चढलेली कड, सदैव दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूकडे वळणारी ती बुबुळे, आणि त्या सगळ्याच्या तळाशी दबा धरून बसलेले भय.  

"वाहवा!" तसबीर उजेडाकडे धरून सुभानजीराव म्हणाले. आरशात ते रोज मिशी पाहत, मंदिलाचा पेच पाहत. स्वतःच्या नजरेला नजर देण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. "पंत, कसे आहेत डोळे?"

भिकाजीपंतांनी तसबिरीकडे पाहिले, मग नरसूकडे पाहिले, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"जिवंत आहेत, सरकार," एवढेच ते म्हणाले.

राजधानीच्या दरबारात तसबीर उलगडली तेव्हा मानकऱ्यांनी माना डोलावल्या. चिकाच्या पडद्याआड बसलेल्या सगुणाबाईंच्या हाती ती गेली, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वडिलांचे प्रेत अंगणात असताना या डोळ्यांना त्यांनी वडिलांच्या शिक्क्याकडे पाहताना पाहिले होते.

"हे तोंड माझ्या भावाचे आहे," पडद्याआडून त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्या दरबाराने ऐकला. "डोळे काकांचे आहेत. नरसू समोर असतील तेच डोळे लिहितो. माझ्या भावाचे डोळे आता नाहीत, हुजूर!"

नवव्या दिवशी सरलष्करांची फौज तिवरगडाला भिडली. "तसबिरीतल्या डोळ्यांचा धनी हुजुरांपुढे हजर करा," एवढाच मजकूर असलेला खलिता सुभानजीरावांनी वाचला आणि आरसा मागवला. बराच वेळ ते आरशात पाहत राहिले. मग त्यांनी नरसूला फरफटत आणवले.

"तू जाणून केलेस?"

"जाणून केलं, सरकार. समोर होतं तेच लिहिलं."

भर दुपारी, साऱ्या शिबंदीदेखत, नरसूच्या डोळ्यांत सळई फिरली. हैबतरावांना मात्र कोणी हात लावला नाही, कारण ओलीस जिवंत असेपर्यंत गडावर तोफ डागली जाणार नव्हती. ती किंकाळी ऐकून भिकाजीपंत सदरेवरून उठले. पुतण्याच्या वेळी ते मान खाली घालून बसले होते. या वेळी ते थेट महादरवाजापाशी गेले आणि त्यांनी आपल्या हाताने अडसर काढला.

सुभानजीरावांना हुजुरांच्या हुकमाने त्याच दक्षिण कड्यावरून लोटले. रिवाजापुढे हुजुरांचाही इलाज चालला नाही. आंधळ्या हैबतरावांना गादी मिळाली नाहीच, सगुणाबाईंचा धाकटा मुलगा दत्तक आला. सगुणाबाईंनी तसबिरीतले डोळे स्वतःच्या नखाने खरवडून काढले आणि मग ती छातीशी धरून त्या खूप रडल्या.

त्या हिवाळ्यात माचीवरच्या उन्हात दोन आंधळी माणसे शेजारी शेजारी बसत.

"नरसूकाका," एके दिवशी हैबतराव म्हणाले, "माझे डोळे कसे होते हो?"

"डावा उजव्यापेक्षा कणभर लहान. हसताना आधी तोच मिटायचा. बुबुळं पिंगट, तुमच्या आईसाहेबांची. उन्हात बसलात की कडेला हिरवट झाक यायची."



"काकांना तर तुम्ही सांगितलंत, आठवत नाहीत म्हणून."

"खोटं बोललो, सरकार."

"आठवणीने लिहिले असते तर तुमचे वाचले असते."

"वाचले असते. आणि जन्मभर त्या कड्याखाली बघत बसले असते."

हैबतरावांनी हात पुढे केला. चाचपडत तो नरसूच्या कपाळावर, मग डोळ्यांवरच्या पट्टीवर टेकला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "डावा लहान होता म्हणालात ना?"