शंभरात एकशे तीन

एका ट्रेमधल्या शंभर बियांतून एकशे तीन कोंब फुटले, अशी तिच्या वहीतली नोंद होती. तिने चार वेळा मोजले. चारही वेळा एकशे तीनच. बाकीच्या निम्म्या ट्रेंचे आकडेही मार्गदर्शक बाईंच्या मोजणीशी जुळत नव्हते. बाई चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "हा चमत्कार तरी आहे किंवा निष्काळजीपणा तरी. चमत्कार आमच्या विभागात होत नाहीत." उद्या दुपारपर्यंत कारण सापडले नाही, तर या परदेशी विद्यापीठातली तिची जागा जाणार होती.

बीजकक्षात ती पुन्हा मोजायला बसली. पंखा बंद होता, काचांवरून थेंब ओघळत होते, आणि कोपऱ्यात एका शिडीवर चढून कुणी दुरुस्तीवाला छतात डोके खुपसून उभा होता. शिकावे परक्या भाषेत, पण मोजणे मात्र आईच्या भाषेतच होते. ती पुटपुटू लागली, "सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणऐंशी, ऐंशी..."

"अहो, मधले दहा कुठे गेले?"

आवाज वरून आला. मराठीत. आकाशवाणीवर तिचा विश्वास नसल्यामुळे तिने मान वर केली.

"तुम्ही... मराठी?"

"आईवडील दोन्हीकडून. आणि अडुसष्टनंतर एकोणसत्तर. आईनं टपल्या मारून पाठ करून घेतलंय."

"एकोणसत्तरच म्हणाले मी."

"एकोणऐंशी म्हणालात. मघाच्या ट्रेलाही तेच."

"एकाच्या साक्षीवर मी निष्कर्ष काढत नाही."

"मग साक्षीदार खाली येतोय."

तो खाली उतरला आणि समोर बसला. त्या एकशे तीनच्या ट्रेमधल्या एकेका कोंबावर तिने बोट ठेवायचे, त्याने कपात एकेक स्क्रू टाकायचा. कप मोजला तेव्हा त्र्याण्णव निघाले. तिने झटकन वही उघडून जुने आकडे बाईंच्या मोजणीशी ताडले. अडुसष्टपर्यंतचे सारे आकडे बरोबर. त्यापुढचा प्रत्येक आकडा बरोबर दहाने जास्त. इतकी शिस्तबद्ध चूक तिने आजवर पाहिली नव्हती. सहा महिन्यांत प्रथमच ती मोकळेपणाने हसली, आणि तो हातातला स्क्रू कपात टाकायचे विसरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सारे ऐकून घेतले, 'एकोणसत्तर' हा शब्द तीनदा म्हणून पाहिला, तिन्ही वेळा हरल्या आणि तिची जागा कायम ठेवण्याच्या अर्जावर सही केली.

त्यानंतर बीजकक्षातला पंखा वारंवार बिघडू लागला. इतर कुठल्याही खोलीतला बिघडला नाही. नमुना लहान असल्याने तिने निष्कर्ष काढला नाही.

"आज काय झालंय पंख्याला?"

"करमत नाही म्हणतोय."

"पंख्याला?"

"...मी फक्त निरोप सांगतोय."

पंखा सुरू झाला, की तो तिला शहर दाखवी. कुठल्या थांब्याचे छप्पर गळत नाही, कुठला डॉक्टर पूर्ण ऐकून घेतो, खोलीतल्या खिडकीची कडी किती वळवली की वारा शीळ घालत नाही. आजवर ती या शहरात प्रतीक्षागृहात बसल्यासारखी राहिली होती. एका रविवारी तिने आल्यापासून भरूनच ठेवलेली दुसरी बॅग रिकामी केली आणि माळ्यावर टाकून दिली. कुणाचे तरी उपकार आहेत, हे तिला पुराव्यानिशी मान्य होते.

म्हणून वर्षाचा अहवाल पुरा झाल्यावर त्यातले आभाराचे पान तिने त्याच्यापुढे ठेवले. त्यात लिहिले होते, 'यंत्रदुरुस्ती विभागातील सहकाऱ्याची मी मनःपूर्वक ऋणी आहे.'

त्याने फडक्याला हात पुसले, वाचले, पुन्हा वाचले.

"हे काढा."

"का? खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाही. पण आभार परक्यांचे मानतात —" तो थांबला. "घरच्यांचे... नाही मानत."

तिने त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि ती ओळ सावकाश खोडली.

"अजून एक शब्द खोडायचा राहिलाय," तो हळूच म्हणाला.

"कुठला?"

"तुम्ही."

तिने पेन्सिल त्याच्या हातात परत ठेवली. हात मात्र मागे घेतला नाही.

"तूच खोड," ती म्हणाली.