तीन हातांची पोकळी

पहाट फुटली तेव्हा सीनेकाठच्या मळ्यातल्या त्या घराला सोळा खांब होते. पंधरा सागवानी, सोळावा, माजघराच्या मधोमधचा, वाळवीने पोखरला म्हणून काढलेला, आणि त्याच्या जागी बाभळीचा टेकू खाली पाचर मारून उभा केलेला. वर हातभर मातीचे माळवद. खाली चार बैल, दोन गाई आणि सहा माणसे. सहावे माणूस कुणाला दिसत नव्हते, कारण ते माजघराच्या पश्चिम भिंतीआडच्या पोकळीत दडले होते.

तो तुळाजी हरकारा. वेढ्यात उपाशी पडलेल्या किल्ल्यावर धान्य कोणत्या चोरवाटेने चढणार, हा निरोप त्याच्या एकट्याच्या तोंडी होता. पोकळीची मागची, बाहेरून मातीने लिंपून लपवलेली दिंडी जोंधळ्याच्या रानात उघडे. पण तिच्यासमोर आज मोगलांचे दोन स्वार उभे होते.

घर दोघा भावांतल्या धाकट्या गोंदाजीने बांधले होते. पोकळीही त्याच्याच डोक्यातली.

मोगल सरदार इनायतखानाच्या माणसांनी कणग्या उपसल्या, गव्हाणी पालथ्या घातल्या. हाती काही लागले नाही. रिकिबीत पाय ठेवता ठेवता खान म्हणाला, "घर ऐसपैस आहे, पाटील. मात्र आमचे गवंडी म्हणतात, दख्खनी लोक भिंत नजरेने घालतात. एका कोपऱ्याची दुसऱ्याशी ओळख नसते."

स्वार हसले. थोरला सटवोजीही हसला. "खरं आहे, सरकार. पावसात उभी राहिली म्हणजे आमची भिंत झाली."

गोंदाजीला ते सोसवले नाही.

"दोरी लावून पाहा, खानसाहेब. माजघर बाहेरून अठ्ठावीस हात, भिंती दोन-दोन हातांच्या. बोटाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन."

खानाने पाय खाली घेतला. "म्हणजे आतून चोवीस. दोरी आणा."

तेव्हा कुठे गोंदाजीच्या तोंडचे पाणी पळाले.

आत दोरी एकवीस हातांवर संपली. "आपली जबान खोटी कशी असेल?" खान अदबीने म्हणाला. "मग तीन हात गेले कुठे?"

सटवोजीने कोपऱ्यातली पहार उचलली. "भिंत माझ्या घरची आहे, सरकार. परक्या हाताने फुटू नये. मी फोडतो." उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोला तो म्हणाला, "राधाऊ, सगळ्यांना घेऊन गाईंपाशी जा." मग भावाकडे न पाहता, "गोंदाजी, तूही बाहेर हो. तुझं काम झालं."

तीन शिपायांसह तो आत गेला. भिंतीपाशी मात्र गेला नाही. त्याने पहार पाचरीवर घातली.

माळवद चौघांवर बसले. धुरळ्यात मागचे दोन्ही स्वार घराच्या पुढच्या बाजूला धावले, दिंडी उघडली आणि जोंधळा हलला.

खानाने गोंदाजीला हातही लावला नाही. घोड्यावर बसताना एवढेच म्हणाला, "माप अगदी बरोबर होतं, पाटील."

किल्ल्यावर धान्य चढले. वीराचा भाऊ म्हणून किल्लेदाराने गोंदाजीला शेला पाठवला. तो खुंटीवरच राहिला. दिवस झाल्यावर राधाऊने एकदाच विचारले, "भावजी, माप कुणी विचारलं होतं?"

माजघर गोंदाजीने एकट्याने पुन्हा उभे केले. कुणी कौतुक केले की उठून जाई. लांबी-रुंदी विचारली तर म्हणे, "नजरेनंच घातलंय."

तो वारल्यावर राधाऊने दोरी मागवली. माजघर बाहेरून अठ्ठावीस हात भरले, भिंती दोन-दोन हात. आतून एकवीस.