उजव्या कडेपासून दोन बोटं

नव्या वसतिगृहाला चौदा मजले आहेत. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मागच्या बाजूनं बंद आहे, हे फक्त चौदाव्या मजल्यावरच्या मुलांना दिसतं.

*

शिंप्याच्या दुकानात आता कॉफी मिळते. फरशीच्या फटींतून अजून टाचण्या निघतात.

*

तळ्यातल्या शेवाळावर एक प्रबंध. पानं एकशे ब्याण्णव. प्रत्येक पानावर, उजव्या कडेपासून दोन बोटं आत, वरून खालपर्यंत केसाएवढी राखाडी रेघ. परीक्षकाचा शेरा : ‘रेघेचं प्रयोजन कळलं नाही.’

*

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला रोज संध्याकाळी कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवतं. निधनाच्या बातम्या गाळून.

*

सरकारी कचेरीत अधिकाऱ्यानं एक पत्र उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि खिडकीपाशी जाऊन पुन्हा फिरवला.

*

या अंगठ्यापासूनच सुरुवात करू, कारण भावजींना ही भानगड कळली ती तिथूनच.

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली आणि माणसं ओळखण्यात आपण पटाईत आहोत अशी समजूत घेऊन निवृत्त झाले. वहिनींची सगळी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली. नकला पकडणं हे त्यांचं काम. बाहीत, बुटात, पट्टीच्या पाठीवर, कुठूनही त्या चिठ्ठी काढत. आता लोकांच्या चौकशा घेतात. भावजी सोबत जातात, पिशवी धरतात आणि बहुतेक वेळा चुकतात.

त्या दिवशी सकाळी खुर्चीच्या अगदी कडेवर बाइंडर बसला होता. विद्यापीठाच्या फाटकासमोर पाच दुकानांची जुनी ओळ आहे, त्यातलं पहिलं याचं. मागच्या अर्ध्या भागात हा प्रबंध बांधतो, पुढच्या अर्ध्यात धाकटा भाऊ झेरॉक्स काढतो. मांडीवर काळ्या पुठ्ठ्यांचं फोल्डर होतं.

बारा वर्षांपूर्वी ओळीच्या म्हाताऱ्या मालकानं स्वतःच्या हातानं पत्र लिहून दिलं होतं, की या पाच जणांना कुणी उठवायचं नाही. नवी इमारत झालीच तर तळमजल्यावरचे पुढचे गाळे आधी त्यांचे. मालक वारला. दोन वर्षांपूर्वी एका बांधकामवाल्यानं ओळ विकत घेतली आणि गप्प बसला. आजूबाजूला काचेच्या इमारती उठत राहिल्या, बांधकामवाल्याची नोटीस आली ती जुलैत. तेव्हा बाइंडरनं पत्र बाहेर काढलं.

“तोवर बाकीच्या चौघांना पत्राचं माहीत होतं?” वहिनींनी विचारलं.

“नाही. मालकच म्हणाले होते, गवगवा नको. आम्हा दोघा भावांनाच ठाऊक.”

आणि परवा सुनावणीत अधिकाऱ्यानं पत्र फोल्डरमधून सोडवायला लावून पाठीवरून अंगठा फिरवला. हातानं लिहिलेल्या पत्राच्या पाठीवर लेखणीचा दाब लागतो, तो नव्हता. पत्र म्हणजे रंगीत झेरॉक्स निघाली. अधिकारी माणूस नियमाचा, पण वाईट नव्हता. त्यानं आठ दिवस दिले. मूळ पत्र आणा, नाहीतर ही नक्कल मूळ पत्रावरूनच काढली असं शपथेवर सांगणारा, ती स्वतः काढलेला माणूस आणा. दोन्ही जमलं नाही तर गाळे रिकामे करा.

वहिनींनी फोल्डर उघडलं. पत्र आतल्या पुठ्ठ्यावर पारदर्शक कागदाखाली पुन्हा बसवलेलं होतं, चारी कडा चिकटवलेल्या, कुठे सुरकुती नाही.

“काम सुरेख आहे,” त्या म्हणाल्या.

“माझंच. खळ दोन्ही बाजूंना सारखी बसली नाही तर पुठ्ठा वाकतो. या भागात असं आम्हा दोघांनाच येतं, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. धाकट्यानं मात्र कधीच सोडलं ते.”

भावजींनी वाकून पाहिलं. पत्राच्या उजव्या अंगाला एक बारीक उभी रेघ होती. त्यांनी ती घडीची खूण ठरवली.

“घड्या कशा होत्या मूळ पत्राला?” वहिनींनी विचारलं.

“आडव्या. दोन.”

फोल्डरच्या कपाटाच्या किल्लीचं विचारलं, तर ती बाइंडरच्या कमरेला असते, आंघोळीलासुद्धा. मार्चमध्ये डोळ्याचा पडदा सरकला म्हणून अकरा ते वीस तारीख तो दवाखान्यात होता, तेवढी ती धाकट्याकडे होती. पण तेव्हा कशाचाच पत्ता नव्हता. नोटिशीनंतर फोल्डर दुकानाबाहेर गेलं ते दोनदाच. सप्टेंबरात कॉफीवाली एक दिवस घेऊन गेली, ऑक्टोबरात स्टेशनरीवाल्या मावशी दोन दिवस.

“कॉफीवाली,” जिना उतरताना भावजी म्हणाले.

“तुम्ही तिला पाहिलंयत?”

“नाही. पण नवीन आहे ना.”

कॉफीवाली म्हणजे ओळीतल्या शिंप्याचीच मुलगी. वडील थकल्यावर ऑगस्टमध्ये तिनं दुकानाचा कायापालट केला होता. तिनं दोघांना बसवलं आणि मग मनातलं सांगून टाकलं. ओळीतलं एकही माणूस तिच्याकडे कॉफी प्यायला येत नाही, लहानपणी हिला कडेवर घेतलेली माणसं रस्त्यापलीकडून चहा मागवतात.

“आणि संशय घ्यायचा म्हटलं की पहिला नंबर माझा. या, बसा, साखर किती?”

फोल्डर तिनं नेलं होतं ते फलकासाठी. पत्राचा फोटो काढून मोठा करून तिनं भिंतीवर लावला होता, म्हणजे येणारी मुलं वाचतील आणि निवेदनावर सह्या करतील. नऊशे सह्या झाल्या होत्या. वहिनी त्या फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. फलकावर उजव्या बाजूला तीच उभी रेघ होती, बोटभर जाड झालेली. भावजींचं लक्ष मात्र गल्ल्यामागच्या छोट्या रंगीत प्रिंटरवर होतं.

मावशींकडे भावजींचं मत बदललं. मावशींनी फोल्डर आपल्या वकील भाच्याला दाखवायला नेलं होतं. भाच्यानं सल्ला काही दिला नाही, आणि गेल्या महिन्यात तो बांधकामवाल्याच्याच कचेरीत नोकरीला लागला. हे मावशींनी स्वतःच सांगितलं, रबरांचं खोकं उगाच पुन्हा पुन्हा लावत.

“माझ्या बहिणीचा मुलगा. चड्ड्या शिवल्यात मी त्याच्या. आता समोरून गेला तर फोन कानाला लावतो.”

“भाचा,” बाहेर येऊन भावजी म्हणाले. वहिनी झेरॉक्सच्या दुकानाकडे वळल्या.

धाकटा यंत्रापाशी होता. हसरा, तोंडाळ. निवेदनं त्यानंच लिहिली होती, प्रती फुकट काढल्या होत्या, सुनावणीला सगळ्यांना रिक्षात घालून त्यानंच नेलं होतं. सापडू दे तो हरामखोर, बोटं मोडतो त्याची, असं तो दोनदा म्हणाला. वहिनींनी आपलं ओळखपत्र पुढे केलं, एक प्रत हवी म्हणाल्या.

“यंत्र जुनं दिसतंय. काही बिघडलं नाही कधी?”

“कधीच नाही. घेतल्यापासून काच तीच. जिवापाड जपतो, वहिनी.”

झाकण वहिनींनीच उचललं. आतल्या बाजूला मेकॅनिकनं चिकटवलेली पट्टी होती, दुरुस्तीच्या तारखांची. सगळ्यात खालची अठरा मार्च, पुढे ‘काच’.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी काखोटीला जाड प्रबंध मारून आली. परीक्षकानं शेरा मारलाय, सगळी पानं पुन्हा काढून द्या म्हणाली. धाकट्यानं तिला उद्या ये म्हणून जवळजवळ ढकललंच. वहिनी तिच्यामागे बाहेर पडल्या आणि फुटपाथवर, भावजींच्या पिशवीचा टेबलासारखा उपयोग करून, त्यांनी प्रबंध उघडला. शेवाळाविषयी आस्थेनं दोन प्रश्न विचारले. मग रेघेचं विचारलं.

मुलीनं ओशाळून सांगितलं, की चूक तिचीच. तेरा मार्चला प्रती काढायला दिल्या तेव्हा पानात एक स्टेपलरची पिन राहून गेली आणि यंत्राची काच ओरखडली. काका काय ओरडले. पण दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करायचा होता, म्हणून तिनं रेघेसकट नेला. पावती अजून प्रबंधातच होती. वहिनींनी तो एक दिवसासाठी मागून घेतला.

वहिनींनी उजव्या कडेवर दोन बोटं टेकवली. घरी येताना भावजींनी भाच्याविरुद्धचा पुरावा तपशिलात मांडला, त्या हूं हूं करत राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही दुकानांची माणसं बाइंडरकडे जमली. सायकलवाला आणि लाँड्रीवाला दारातच उभे राहिले. कॉफीवाली आली आणि मावशींनी सरकून तिला स्टुलावर जागा दिली.

“मी नकला पकडत आलेय,” वहिनी म्हणाल्या. “पोरं म्हणायची, बाई, कळतं कसं? नक्कल करणारा मजकूर उतरवतो तसा चुकून डागही उतरवतो. तेवढंच.”

त्यांनी फोल्डर आणि प्रबंध शेजारी ठेवले. दोन्हींवर उजव्या कडेपासून दोन बोटं आत उभी रेघ. पत्राच्या घड्या आडव्या होत्या, म्हणजे रेघ पत्राची नव्हे. ती याच यंत्राच्या काचेची.

“कॉफीवालीच्या फलकावर रेघ आहे, म्हणजे तिच्या हाती फोल्डर आलं तेव्हाच आत नक्कल होती. मावशींनी नेलं ते त्याहून नंतर. भाचा कसाही असो, हे त्याचं काम नाही.” मावशींनी डोळ्यांना पदर लावला. भावजींनी पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

“काच ओरखडली तेरा मार्चला, या प्रबंधाच्या पानातल्या पिनेनं. बदलली अठराला. त्याआधी ही रेघ नव्हती, त्यानंतरही नाही. नक्कल या पाच दिवसांतली आहे. तेव्हा नोटीस नव्हती, कॉफी नव्हती, आणि पत्र आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक डोळे बांधून दवाखान्यात पडला होता. किल्ली दुसऱ्याकडे होती. आणि कागद उचलून, सुरकुती न पाडता पुन्हा बसवणं, तेही दोघांनाच येतं.”

धाकटा यंत्राला टेकून उभा होता.

“पत्राचं बांधकामवाल्याला कळलं असणार ते तुमच्याकडूनच, म्हणून तो गप्प होता. ते हातात पडल्यावर त्यानं नोटीस काढली. मी काल यंत्राचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, काच तीच. आत मेकॅनिकच्या अक्षरात तारीख आहे. काचेबद्दल कुणी कशाला खोटं बोलेल?”

कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. हेच त्याला लागलं असावं.

“तीस वर्षं,” तो म्हणाला. “बाहेर जाऊन पाटी वाचा. याचं नाव, आणि पुढे ‘आणि बंधू’. मी बंधू. गिऱ्हाईक मला बंधूच म्हणतं. बांधकामवाल्यानं नव्या इमारतीत कोपऱ्याचा गाळा देतो म्हटलं. माझ्या नावाचा.”

“पत्र कुठंय?” वहिनींनी विचारलं.

“त्यानं फाडलं. माझ्यासमोर.”

सायकलवाला शिवी देऊन पुढे आला, लाँड्रीवाल्यानं त्याचा दंड धरला. थोरला इतका वेळ खळीच्या भांड्यातली काडी फिरवत होता. ती त्यानं खाली ठेवली.

“तू रोज पेपर वाचायला यायचास. मी एकदा विचारलं, कपाट नीट बंद करतोस ना. काय म्हणालास?”

“आठवत नाही.”

“म्हणालास, दादा, तू डोळ्यांचं बघ.”

धाकट्यानं मान फिरवली.

वहिनींनी कोरा कागद आणि पेन बाकावर ठेवलं आणि सरळ सांगितलं. अधिकाऱ्याला मूळ पत्र हवंय, किंवा नक्कल काढणारा माणूस. माणूस इथेच आहे. त्यानं लिहून दिलं आणि सोमवारी कचेरीत शपथेवर सांगितलं तर पाच दुकानं राहतील आणि त्याचा गाळा जाईल. नाही लिहिलं तर उलट.

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. तो भावाला काही सांगेल, दटावेल, निदान हात जोडेल असं भावजींना वाटलं.

“मी नाही सांगणार,” थोरला म्हणाला. “आजवर सांगतच आलो.”

यंत्र सुरूच होतं, त्याचा घरघर आवाज येत होता. धाकट्यानं ते बंद केलं. मग बाकापाशी बसून त्यानं लिहायला घेतलं. एक पान भरलं, मागच्या बाजूला चार ओळी गेल्या. सही केली. थोरल्यानं कागद उचलला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला, आणि पाठीवरून अंगठा फिरवून पाहिला.

“सोमवारी ये,” तो म्हणाला. “त्यानंतर येऊ नकोस.”

परतीच्या वाटेवर भावजींनी विचारलं, की कुणावर संशय यायला हवा होता हे वहिनींना कधी कळलं. वहिनी म्हणाल्या, काल सकाळी, तो माणूस आपल्याकडे आला आणि भावाला सोबत न घेता आला, तेव्हाच. त्यालाही थोडं कळलेलं असावं. दुसऱ्या कुणीतरी ते सांगावं एवढंच त्याला हवं होतं. भावजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सोमवारी अधिकाऱ्यानं नक्कल मान्य केली. ओळ राहिली.

कोपऱ्याचा गाळा बांधकामवाल्यानं फेब्रुवारीतच एका औषधांच्या दुकानाला लिहून दिलेला होता.