रागू का निसटला?

"हा माझा शेवटचा वर्ग," डेल्माआजींनी लाटणं खाली ठेवत जाहीर केलं. "हात गेले माझे. उद्यापासून दाराला कुलूप."

तेक्ला आणि तिचा धाकटा भाऊ एलिओ एकमेकांकडे बघतच राहिले. तोरिनोहून आईबाबांबरोबर सुट्टीला निघाल्यापासून तेक्लाने एकच धोशा लावला होता, इटलीच्या रोमान्या भागातल्या डेल्माआजींच्या वर्गात ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, करायला शिकायचं. आणि आता आजी म्हणे सगळं बंद!

"छे हो, फारच छान झाल्यात," बाबा घास कोंबत म्हणाले.

"अप्रतिम," आई म्हणाली.

मोठी माणसं खोटं बोलताना ताटाकडे बघत नाहीत. तेक्लाने बघितलं. पिठाच्या लांब पट्ट्या काट्यावर कोरड्याठाक येत होत्या आणि रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, सगळा ताटाच्या तळाशी बसला होता.

"आजी, पीठ बदललंत का?"

"नाही गं. पीठ तेच, अंडी तीच, लाटणं तेच. चाळीस वर्षं रागू माझ्या पट्ट्यांना धरून राहायचा. मागच्या आठवड्यात बहिणीकडून परत आले, तेव्हापासून नुसता घसरतोय. मग बिघडले ते हातच ना?" आजींनी एप्रनने डोळे पुसले.

त्यांचे यजमान, सेकोंदोआजोबा, घाईघाईने उठले. "मी जरा कोंबड्या बघून येतो."

"आत्ताच तर बघून आलात!"

पण आजोबा गेलेसुद्धा. तेक्लाने उरलेला पिठाचा गोळा उचलला, हळूच लाटणं घेतलं आणि एलिओला खूण केली. मागच्या अंगणात अंजिराखाली एक जुनं, खरबरीत लाकडी टेबल होतं. त्यावर तिने पोळी लाटली. वेडीवाकडी झाली, पण लाटताना घसरली नाही. पट्ट्या कापून दोघांनी त्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि वर रागू घातला.

"चिकटला," एलिओ बोटं चाटत म्हणाला. "तुझ्यासारख्या धांदरटाच्या हातूनसुद्धा!"

"मग दोष हातांचा नाहीच. चल, आजी ज्यावर पोळी लाटतात तो लाकडी पाट बघू."

एलिओने पाटावर तळवा फिरवला. तो सरळ पलीकडे गेला. "काच आहे की काय ही? आणि मेणाचा वास येतोय."

"गुळगुळीत पाटावर पट्ट्याही गुळगुळीत होणार, मग रागू धरणार कशाला? कोणी केलं असेल हे?"

"ज्याला सारख्या कोंबड्या आठवतात त्याने."

"विचारलं तर कबूल नाही करणार. त्यांच्याच तोंडून काढू. साबण आण."

पाच मिनिटांनी आजोबा परत आले, तेव्हा एलिओ बादली घेऊन पाटाशी उभा होता. "आजी, हा पाट साबणाने मस्त घासून देतो."

त्या भागात असा पाट फक्त खरवडतात, त्याला पाणी लावणं म्हणजे घोर पाप. आजींनी एलिओची कॉलरच धरली.

"अरे, साबणाने काय होणार त्याला?" आजोबा ओरडले. "मेणाचे तीन थर दिलेत मी!"

आजींनी एलिओची कॉलर सोडली.

"तुम्ही?" आजी म्हणाल्या. "आणि मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर बदलला म्हणून पाट चमकतोय."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली ना... म्हटलं तुला आनंद होईल. तू बहिणीकडे होतीस ते चार दिवस घासत होतो. पण पहिल्याच दिवशी तू रडलीस, मग माझी जीभच रेटेना."

"आठ दिवस मी माझ्या हातांना शिव्या घातल्या, आणि तुम्ही कोंबड्या बघत बसलात!"

"शेवटी मुलगी कोणाची?" तेक्लाची पाठ थोपटत बाबा मिशीत हसले.

"तुम्ही गप्प बसा. 'फारच छान' म्हणणारे तुम्हीच ना?" आजींनी दोन्ही मुलांना जवळ ओढलं. "या पोरांनी माझे हात मला परत दिले."

मग त्यांनी आजोबांपुढे जाडाभरडा सँडपेपर आपटला, आणि स्वतः अंगणातल्या टेबलावर पिठाचा ढीग केला. त्यात माणशी एक अंडं. पाच फोडून त्या थांबल्या.

"डेल्मा," आजोबा हळूच म्हणाले, "आपण सहा आहोत."

आजींनी सँडपेपरकडे बोट दाखवलं. मग आणखी दोन अंडी फोडली.

"घासणाऱ्याला भूक जास्त लागते," त्या म्हणाल्या.